भाचीला उचलायची तयारी

आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मी सांगायला लागलो की तुम्ही हसणार, आणि चहा नाकात गेला तर मला बोल लावणार. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच कबूल करतो. या सगळ्या प्रकरणात मूर्ख कोण ठरलं, हे शोधायला तुम्हाला फार त्रास पडणार नाही. तो तुमच्यासमोरच बसलाय आणि बिस्किटाचा पुडा त्याच्याच हातात आहे.

तर, माझी एकुलती एक बहीण, आक्का, सिल्लोडला असते. तिला दोन मुली. दोन मुलींना मिळून मामा एकच, तो मी. आणि आमच्यात काय पद्धत आहे? लग्नात नवरीला मामानं दोन्ही हातांवर उचलायचं आणि थेट बोहल्यापर्यंत आणून सोडायचं. चालत आणलेली नवरी चालत नाही!

थोरल्या सीमाच्या लग्नात मी तिला उचललं होतं. सीमा म्हणजे अगदी काडी. तरी तिसऱ्या पावलाला कमरेत अशी चमक भरली, की मी "आई गंऽऽ" म्हणून ओरडलो. भटजींचा माइक शेजारीच होता. माझी ती किंकाळी मांडवाच्या चारी कोपऱ्यांतल्या भोंग्यांतून सिल्लोडभर गेली. शेवटी नवरदेवाचा मामा पुढं आला, त्यानं माझ्या हातातून सीमाला घेतलं आणि पोचवलं. तेव्हापासून सिल्लोडमध्ये मला कुणी सुधाकर म्हणत नाही. अर्ध्या वाटेचा मामा म्हणतात.

आता लग्न ठरलं धाकट्या रेणूचं. रेणू विद्यापीठाकडून गोळाफेक खेळलेली पोरगी, आणि सध्या एका शाळेत खेळाची शिक्षिका. तिचं वजन किती, हे मी कधी विचारलं नाही. भाचीला असलं काही विचारायचं नसतं. पण ती आमच्या सोफ्यावर बसली की दुसऱ्या टोकाला बसलेला मी जरा वर येतो, एवढं सांगतो.

आक्काचा फोन आला. "सुध्या, लगन वैशाखात हाय. दोन महिने राह्यले. तुला झेपत नसंल तर आत्ताच सांग. तिच्या काकाला सांगते उचलायला."

काकाला! मी जिवंत असताना? माझ्या मांडीवर खेळलेली पोर, मी खांद्यावर घेऊन दौलताबादचा किल्ला दाखवलेली पोर, आणि तिला बोहल्यावर नेणार काका?

"आक्के," मी म्हणालो, "रेणूला मीच उचलणार. पूर्ण वाट."

फोन ठेवला आणि मान खाली घालून स्वतःकडं बघितलं. पायाचे अंगठे दिसले नाहीत. मध्ये पोट होतं.

डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी मला पालथं पाडून, उताणं पाडून, दाबून बिबून बघितलं. म्हणाले, "कंबर चांगली आहे हो तुमची. पोटाचे स्नायू झोपलेत. ते काम करत नाहीत म्हणून सगळा भार कमरेवर येतो. पोट मजबूत करा."

मी म्हणालो, "डॉक्टर, पोटाचं काम तर एकदम जोरात चालू आहे."

ते हसले नाहीत. डॉक्टर लोकांना विनोद कळत नाही.

आम्ही राहतो पडेगावला. तिथं टायरच्या दुकानावरच्या माडीत एक जिम आहे. भिंतीवर दंड फुगवलेल्या माणसाचं चित्र बाराफुटी, आणि आत सामान किती? एक बाकडं, त्याच्या एका पायाखाली विटा. पोटाच्या व्यायामाचं एक यंत्र, त्याची तार तुटलेली. धावायचा पट्टा होता, त्यावर मालकानं कूलर ठेवला होता. मालक म्हणाला, "काका, सामान येऊ राह्यलं." कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं. माझ्याकडं तर दोनच महिने होते.

मग माझ्या ऑफिसातल्या शिपायानं मला जुन्या शहरातल्या चाऊसभाईंचं नाव सांगितलं. चाऊसभाई म्हणजे जुने वस्ताद. वय सत्तरीपार, पांढरी दाढी, पाठ सुतारानं रंधा मारावा तशी सरळ. त्यांची तालीम म्हणजे एक पत्र्याची खोली, लाल मातीचा आखाडा आणि दोन मुद्गल. त्यातला एक दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावलेला!

मी इकडं तिकडं बघितलं. "वस्ताद, सामान?"

"सामान कू क्या देखते मियाँ?" त्यांनी माझ्या पोटावर बोट टोचलं. ते बरंच आत गेलं. "सामान ये है. बस ढीला पड़ा है. इसकू कसने का. काम क्या है, वो बोलो."

मी सगळं सांगितलं. भाची, गोळाफेक, भोंगे, किंकाळी. वस्तादांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "कब उठाने का है?"

"दोन महिन्यांनी."

"हौ. उठाओगे."

बस! त्या एका 'हौ'वर मी शिष्य झालो.

एकच अट मी मनाशी घातली होती. हे कुणाला कळता कामा नये. बायकोला नाही, ऑफिसला नाही आणि रेणूला तर अजिबात नाही. एक्कावन्नाव्या वर्षी माणूस पोट कसायला निघालाय आणि तेही भाचीला उचलायला, हे कळलं असतं तर सिल्लोडकरांनी मला नवीन नाव ठेवलं असतं. आता तुम्ही म्हणाल, घरातच खेळाची शिक्षिका असताना तिला विचारायचं सोडून वस्तादांकडं कशाला? बरोबर आहे तुमचं. तेव्हा मात्र हे मला सुचलं नाही.

वस्तादांनी घरी करायचे प्रकार शिकवले. कोपरांवर आणि चवड्यांवर पालथं तरंगायचं, त्याला ते 'तख्ता' म्हणत. पहिल्या दिवशी माझा तख्ता सात सेकंद टिकला. उताणं पडून हातपाय वर करून आळीपाळीनं हलवायचे, ते 'उलटा झिंगुर', म्हणजे उलटा पडलेला रातकिडा. आणि लोखंडी वजन नाही म्हणून दहा किलो ज्वारीच्या पिठाचा डबा छातीशी धरून बसल्या जागी डावीकडं, उजवीकडं वळायचं.

मंदा, म्हणजे आमची सौभाग्यवती, एकदा मध्येच स्वयंपाकघरात आली. मी जमिनीवर, पाय अधांतरी, मांडीवर पिठाचा डबा.

"काय करायलाव हे?"

"डबा... डबा पुसतोय."

"मांडीवर घेऊन?"

"खालून पण पुसावा लागतो ना."

तिनं माझ्याकडं दोन मिनिटं बघितलं. भाकरीपुरतं पीठ काढून घेतलं आणि गेली. त्या दिवसापासून वजन थोडं कमी झालं.

महिनाभरात तख्ता सात सेकंदांवरून एक मिनिटावर गेला. पायाचे अंगठेही दिसायला लागले. पूर्ण नाही, नखं. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसात बूट काढून पुन्हा पुन्हा बघत होतो.

मग एका शनिवारी पहाटे वस्तादांनी शेवटचा प्रकार काढला. 'कीड़े की चाल'.

"खड़े रहो. झुको. हातां जमीन पे. अब हातां चलाते चलाते आगे जाओ, पूरे सीधे हो जाओ. पेट कू कसो, दम रोको. फिर पावां चलाते हातां के पास आओ. खड़े. रोज तीस. और दम रोका तो बात नक्को करो, पेट ढीला पड़ता."

अडचण एकच होती. या चालीत माणूस दर खेपेला पाच फूट पुढं सरकतो. तालमीत तीन खेपांत भिंत आली. घरी गच्चीवर करावं, तर तिथं मंदाच्या कुरडया वाळत होत्या. वस्ताद म्हणाले, "सीधा रस्ता देखो."

पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या रस्त्याला लागूनच एक कच्चा गाडीरस्ता शेतातून जातो. सरळ, सपाट, मऊ फुफाटा. सकाळी सहाला तिथं कोण असणार? मी तालमीतून निघालो तो थेट तिथं उतरलो.

आता माझा अवतार नीट ऐका. चप्पल काढलेली, कारण वस्ताद म्हणाले होते, पाय उघडे पाहिजेत. घामानं भिजेल म्हणून शर्ट काढून झाडाला अडकवलेला. पोट आवळायला कमरेला पांढरं उपरणं करकचून बांधलेलं. आणि तालमीतून निघताना आखाड्याची लाल माती कपाळाला लावायची रीत असते, ती लावलेली.

शनिवार. खुलताबादच्या भद्रा मारुतीकडं जाणाऱ्या भागात, सूर्योदयाच्या वेळी, उघड्या अंगाचा एक माणूस, कपाळ लाल, हात जोडल्यासारखा उभा राहतो, वाकतो, लांब होतो, उठतो, पुन्हा वाकतो. तुम्ही असता तर तुम्हाला काय वाटलं असतं? सांगा ना!

पहिल्या चार खेपा मी नियमात केल्या. पाचवीपासून शेवटी तरंगायच्या ऐवजी पोटावर सपाट पडायला लागलो. म्हणजे उरलीसुरली कसरही भरून निघाली.

आठव्या खेपेला डोळे उघडले तर नाकासमोर चार पाय. दोन बाया, हातात नारळाची पिशवी, मारुतीला पायी निघालेल्या.

"बाई गं," एक म्हणाली, "दंडवत घालू राह्यले बघ. नवस हाय का वो भाऊ?"

आता इथं माझं चुकलं. इथंच. दम रोखलेला, बोलायचं नाही, म्हणून मी गप्प राहिलो एवढं क्षम्य होतं. पण मग मी उभा राहिलो, श्वास सोडला, तोंड मोकळं झालं. तेव्हा म्हणायला काय हरकत होती, की बाई, हा व्यायाम आहे? पण उघड्या पोटानं दोन अनोळखी बायांसमोर 'मी पोट कमी करतोय' म्हणायची मला लाज वाटली. नवस म्हटलं की माणूस उघडा असला तरी शोभतो.

मी मान हलवली. हो म्हणून.

"कुणासाठी वो?"

"भाचीचं लग्न आहे. नीट पार पडावं."

यात खोटं काय होतं? एक अक्षर खोटं नव्हतं! पण पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्यातून उगवला.

"मामा असावा तर असा," दुसरी म्हणाली आणि माझ्या पाया पडली. पहिलीनं बाटलीतलं पाणी माझ्यापुढच्या धुळीत शिंपडलं. दंडवत घालणाऱ्याच्या वाटेवर पाणी मारायचं असतं, चटका बसू नये म्हणून. मग आता थांबायचं कसं? त्या बघत होत्या. मी पुन्हा वाकलो.

तेवढ्यात शेतातून एक म्हातारेबुवा काठी टेकत आले. बायांनी त्यांना सगळं सांगितलं. बुवांनी धोतराचा सोगा खोचला आणि माझ्या पसरलेल्या हातांच्या बोटांपाशी काठीनं एक आडवी रेघ ओढली.

"हं, उठा. रेघंवर पाय ठिवा. तिथूनच पुढचा दंडवत. रेघ सोडून गेलाव तर नवस मोडतो."

"बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता?" मी धापा टाकत म्हणालो.

"त्रास कसला? पुण्य हाय. मी हाय तुमच्यासंग. पाराच्या मारुतीपस्तोर नेतो तुम्हाला, तिथं नारळ फोडू."

पाराचा मारुती! तो रस्त्याच्या पार त्या टोकाला होता. माझा तीसचा हिशेब तिथंच मातीत गेला. मी दंडवत घालतोय, बुवा रेघा ओढतायत, बाया पाणी मारतायत. एक दूधवाला मोटारसायकल थांबवून किटल्यांसकट मागं चालायला लागला. त्यानं एका हातानं गाडी ढकलत दुसऱ्या हातानं माझी फिल्म काढली. मध्येच कुणीतरी बजरंगबलीचा जयजयकार केला. मी मोजत होतो. सत्तरनंतर मोजायचं सोडलं.

मारुतीपाशी पोचलो तेव्हा मला उभं राहता येईना. लोकांना ती भक्ती वाटली. नारळ फुटला, खोबरं मिळालं, कुणी चहा आणला. बुवा माझा हात धरून म्हणाले, "लई कडक नवस. भाचीचं सोनं हुईल बघा." आणि खरं सांगू? तिथं त्या पारावर बसून चहा पिताना मला छान वाटत होतं. एवढ्या लोकांनी एवढ्या सकाळी आपल्यासाठी एवढं करावं! मी खोटा होतो, पण त्यांची माया खरी होती. पोटही दुखत होतं, तेही खरंच.

ती फिल्म दुपारपर्यंत पडेगावच्या प्रत्येक मोबाइलमध्ये होती. संध्याकाळी सिल्लोडला पोचली.

आक्काचा फोन आला. रडत होती. "सुध्या, काय रे हे? इतका मोठा नवस बोलला अन् मला सांगितलं पण नाय?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती म्हणाली, "आन् आता ते मुलाचे वडील फोन करू राह्यले!"

मुलाचे वडील म्हणजे गायके सर. निवृत्त मुख्याध्यापक, कन्नडचे. अतिशय सज्जन, पण प्रत्येक गोष्टीचं कारण मागणारे. त्यांनी फिल्म पाहिली होती आणि आक्काला एकच प्रश्न विचारला होता. मुलीच्या मामाला लग्न पार पडावं म्हणून एवढे दंडवत घालावे लागतात, म्हणजे या लग्नात अडचण काय आहे? मुलीला काही आजार आहे का? आधी कुठं काही ठरून मोडलंय का? आमच्यापासून काय लपवताय?

उचलायचं राहिलं बाजूला, इथं लग्नच मोडायच्या बेतात आलं होतं! माझ्यामुळं! रविवारी गायके सर सिल्लोडला बोलणी करायला येणार होते आणि मला हजर राहायला सांगितलं होतं.

रविवारी मी आणि मंदा बसनं निघालो. फुलंब्रीच्या अलीकडं तिनं माझा हात धरला. तिचे डोळे भरले होते.

"खरं सांगा. तुम्हाला काही झालंय का? डॉक्टरकडं गेलतात, मला माहितेय. पहाटं उठून कुठंतरी जाता. डबे मांडीवर घेऊन बसता. आता नवस. किती दिवस सांगितलेत डॉक्टरनं?"

अरे देवा! ही बिचारी महिनाभर मनात काय काय घेऊन बसली होती! मला माझीच शरम वाटली. मी सगळं सांगून टाकलं. अथपासून इतिपर्यंत, उलट्या झिंगुरासकट.

तिनं खिडकीकडं तोंड केलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. फुलंब्रीपासून सिल्लोडपर्यंत ती बाई हसत होती. कंडक्टरनं दोनदा मागं येऊन विचारलं.

आक्काच्या बैठकीत गायके सर ताठ बसले होते. माझा नमस्कार त्यांनी घेतला, पण हसले नाहीत.

"सुधाकरराव, स्पष्ट विचारतो. नवस कशाचा?"

"सर, तो नवस नव्हताच. तो पोटाचा व्यायाम होता."

खोलीतल्या सगळ्यांनी एकाच वेळी माझ्या पोटाकडं बघितलं. कुणाच्याही चेहऱ्यावर विश्वास दिसला नाही. महिनाभराची माझी मेहनत, आणि एकालाही ती दिसू नये?

सरांनी मोबाइल काढला. "व्यायामाला कपाळाला शेंदूर लावतात?"

"तालमीतली माती आहे ती."

"पुढं पाणी मारतात?"

"मी सांगितलं नव्हतं."

"रेघा ओढतात? नारळ फोडतात?" सरांचा आवाज चढला. "माझी सगळी नोकरी पोरांच्या सबबी ऐकण्यात गेली, सुधाकरराव. इतकी कच्ची सबब मी चौथीच्या वर्गातही ऐकलेली नाही."

आक्काचा चेहरा पांढराफटक पडला. बास, मोडलं लग्न, असं मला वाटलं. आणि तेवढ्यात आतून रेणू बाहेर आली. तिनं सरळ सरांच्या हातातला मोबाइल मागून घेतला आणि कपाळाला आठ्या घालून फिल्म बघायला लागली.

"मामा," ती म्हणाली, "हा इंचवर्म आहे ना?"

"वस्ताद किड्याची चाल म्हणतात."

"मग पोट का टेकवताय? आणि कंबर बघा कशी लोंबतेय! हे असं करून कुणाला फायदा झालाय का?"

तिनं पदर कमरेला खोचला. होणाऱ्या सासऱ्यासमोर, बैठकीच्या सतरंजीवर, खाली वाकून हात चालवत पुढं गेली, फळीसारखी सरळ झाली, परत आली. सटासट पाच वेळा. कपाळावर घामाचा थेंब नाही. मग उभी राहून म्हणाली, "सर, आमच्या शाळेत सहावीच्या मुली हे करतात. मामांचं फक्त नीट नाही."

गायके सरांनी पुन्हा मोबाइल बघितला. एकदा फिल्म, एकदा रेणू. त्यांच्यातला मास्तर जागा झाला असावा. "हंऽऽ. क्रिया तीच आहे. सफाई नाही." आणि मग माझ्याकडं वळून, जरा मऊ आवाजात, "पण या वयात हे कशाला?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी खाली बघूनच म्हणालो, "रेणूला उचलायचंय. मागं सीमाच्या वेळी मला जमलं नाही. ते अजून खुपतं. या वेळी पूर्ण वाट न्यायचीय."

कुणी हसलं नाही. सिल्लोडमध्ये माझ्या उचलण्यावर कुणी हसलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं. आक्कानं पदर डोळ्याला लावला. रेणू माझ्याजवळ येऊन बसली आणि सोफ्यावर मी नेहमीसारखा जरा वर आलो.

"मामा, मी तर बुलेटवरून यायचं ठरवलं होतं मंडपात. मैत्रिणींनी गाडी पण बघितलीय." मग थांबली. "राहू दे ती गाडी. तुम्हीच न्यायचं."

गायके सर हसले. पहिल्यांदाच. "मग चहा घेऊ या," म्हणाले. तो चहा मला इतका गोड लागला, की मी वर साखर मागितली नाही. मंदानं ते लक्षात ठेवलंय, आजही साखर कमीच टाकते.

उरलेले दिवस मी जीव तोडून व्यायाम केला. आता चोरी नव्हती. मंदा स्वतः डबा भरून द्यायची. वस्तादांनी ओल्या वाळूचं पोतं भरून माझ्या हातांवर ठेवलं आणि मला तालमीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. रेणूचं लग्न म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं रेणूच्या जागी ते पोतंच यायचं.

लग्नाचा दिवस. वधूच्या खोलीपासून बोहल्यापर्यंत एकवीस पावलं. मी आदल्या दिवशी मोजून ठेवली होती. दोन्ही बाजूंना सगळं सिल्लोड आणि कन्नड उभं. भटजींचा माइक मी स्वतः बंद करून आलो होतो.

रेणू शालूत, मुंडावळ्या बांधून समोर उभी. मी गुडघे वाकवले, पोट आवळलं, दम रोखला आणि उचलली!

उचलली हो! कमरेत चमक नाही, काही नाही. एक, दोन, तीन. तिसऱ्या पावलाला लोक एकदम शांत झाले. चार. पाच. मग टाळ्या सुरू झाल्या. दहा. पंधरा. गायके सर मास्तरांसारखे मोठ्यानं आकडे म्हणत होते. एकवीस! बोहल्यावर पोचलो. आक्का एका हातानं डोळे पुसत होती, दुसऱ्यानं रेणूच्या काकाला डिवचत होती. आयुष्यात मी इतका सुखी कधी झालो असेन असं वाटत नाही.

"मामा, झालं," रेणू कानात म्हणाली, "ठेवा खाली."

मी ठेवायला गेलो. आणि माझ्या लक्षात आलं, की मला खाली ठेवता येत नाही.

तालमीत काय व्हायचं, वस्ताद पोतं हातांवर ठेवायचे आणि टोकाला पोचलो की तेच काढून घ्यायचे. घेऊन वाकायचं मी एकदाही केलं नव्हतं! आता पोट इतकं आवळलं गेलं होतं की सुटायला तयार नाही, आणि कंबर जागच्या जागी कुलूप घातल्यासारखी बसलेली.

"ठेवा ना."

"ठेवता येत नाही गं."

"म्हणजे?"

"वाकता येत नाही."

तिनं एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि माझ्या हातांतून आपली आपण उतरली. मी तसाच. हात पुढं पसरलेले, गुडघे अर्धे वाकलेले, अंतरपाट धरायचा असतो तिथंच बरोबर मधोमध.

भटजी म्हणाले, "मामा, बाजूला व्हा. मुहूर्त चाललाय."

मी दम रोखलेल्या आवाजात म्हणालो, "होता येत नाही."

रेणूनं एकदा घड्याळाकडं बघितलं. हातातला हार सीमाच्या हातात दिला. माझ्या गुडघ्यांखाली एक हात घातला, पाठीखाली दुसरा, आणि मुंडावळ्यांसकट मला उचललं. सहा पावलं नेलं आणि जिथं मामानं उभं राहायचं असतं तिथं, पाटाच्या मागं, अलगद ठेवलं. ठेवताना गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून. अगदी शास्त्रशुद्ध.

दुसऱ्या दिवशी पाठ शेकत वस्तादांना फोन केला. जरा चिडलोच होतो. ते शांतपणे म्हणाले, "मियाँ, तुम उठाने का बोले थे. रखने का कब बोले?"

आता लग्नाचा अल्बम आलाय. पहिलं पान उघडलं की पानभर एकच फोटो. नवरी हसतेय आणि तिच्या हातांवर, पाय अधांतरी, फेटा कलंडलेला मी. एकवीस पावलांचा एकही फोटो नाही. त्या वेळी फोटोग्राफर लेन्स पुसत होता.

आक्काकडं येणारी प्रत्येक नवी बाई विचारते, "अगं बाई, हा कोण म्हणायचा?"

आणि आक्का मोठ्या अभिमानानं सांगते, "तो तिचा मामा. दोन महिने व्यायाम करत होता ना!"